९ वर्षांच्या मुलाला ‘एपिडिडिमायटिस’: अँटिबायोटिकच्या आधी काय पाहायचं

ताई, तुमच्या प्रश्नातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर आई-वडिलांनाही संदर्भ लागेल. मुलगा ९ वर्षांचा, राहायला घोडबंदर रोडला. शुक्रवारी शाळेतून आला तो ‘खाली दुखतंय’ म्हणत. शनिवारी उजवी बाजू लाल होऊन सुजली. ताप नाही, उलटी नाही, लघवीला जळजळ नाही. डॉक्टरांनी तपासून लगेच डॉपलर सोनोग्राफी (रक्तप्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी) करून घेतली. रिपोर्टमध्ये उजवा एपिडिडिमिस (वृषणाला मागून चिकटलेली बारीक नळी) सुजलेला, तिथला रक्तप्रवाह वाढलेला, वृषणाचा रक्तप्रवाह व्यवस्थित, भोवती थोडं पाणी, आणि खाली निदान ‘एपिडिडिमायटिस’, म्हणजे त्या नळीचा दाह. १० दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालंय, आज मंगळवार, दुखणं निम्म्यावर आलंय. तुम्ही विचारताय की एवढ्या लहान मुलाला हे इन्फेक्शन आलं कुठून, कोर्स पूर्ण करायचाच का, पुन्हा होईल का, शाळा आणि फुटबॉल कधी सुरू करू. आणि सगळ्यात शेवटी, जरा दबकत, की पुढे त्याला मूल होण्यात अडचण येईल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडालेली असणार. तुम्ही वर्णन केलेल्या आजारात, या वयात, एका बाजूला, वृषणाचा रक्तप्रवाह शाबूत असताना, पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. घरातल्या मोठ्यांनी घातलेली ही भीती मनातून काढून टाका. आता बाकीचं.

लहान मुलांचा शल्यचिकित्सक म्हणून ठाण्यात इतकी वर्षं काम करताना मला एक गोष्ट सतत खटकते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘एपिडिडिमायटिस’ हा शब्द आला की पुढचं सगळं आपोआप घडतं: अँटिबायोटिक लिहिलं जातं, घरात ‘इन्फेक्शन झालंय’ असं ठरतं, आणि मूळ कारण शोधायचं राहून जातं. ७ ते १२ वर्षांच्या मुलात या शब्दाच्या मागे जंतू असण्याची शक्यता कमी असते. वृषणाला पीळ तर बसलेला नाही ना, हा पहिला प्रश्न. लघवीत जंतू आहेत का, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर बहुतेक मुलांना वेदनाशामक औषध आणि आराम एवढंच लागतं.

पहिल्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे. तुमच्या मुलाचं ते वळण टळलंय, पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात आज रात्रीच ती वेळ येऊ शकते.

वृषण एका दोरीवजा नाळेला लटकलेलं असतं. त्या नाळेतूनच रक्तवाहिन्या आत येतात. बहुतेक मुलांत वृषण मागच्या बाजूने पिशवीच्या भिंतीला चिकटलेलं असतं, त्यामुळे ते गोल फिरू शकत नाही. काही मुलांत ही पकड जन्मतःच नसते आणि वृषण घंटेतल्या लोलकासारखं मोकळं लोंबतं. मग झोपेत, खेळताना किंवा काहीही कारण नसताना ते स्वतःभोवती फिरतं, नाळेला पीळ बसतो आणि रक्त अडतं. २५ वर्षांखालच्या दर ४,००० पुरुषांमागे वर्षाला साधारण एकाला हे होतं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. नवजात बाळं आणि १२ ते १८ वर्षांची मुलं हे दोन गट मुख्य, पण ९ व्या वर्षी होत नाही असं अजिबात नाही. दुखायला लागल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातली नऊ किंवा त्याहून जास्त वृषणं वाचतात. १२ तासांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि २४ तासांनंतर फार थोडी वाचतात. हे घड्याळ डॉक्टरांनी पाहिल्यापासून सुरू होत नाही, मुलाला पहिली कळ आली तेव्हापासून सुरू होतं.

पिळाचं दुखणं बहुधा अचानक येतं आणि पहिल्या तासापासूनच जोरात असतं. मूल नेमकी वेळ सांगतं: ‘पहाटे झोपेतून उठलो ते दुखतच होतं’, ‘पीटीच्या तासाला सुरू झालं’. मळमळ किंवा उलटी होते. दुखरं वृषण दुसऱ्यापेक्षा वर ओढलेलं आणि आडवं दिसतं, हाताला घट्ट लागतं. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवतात तेव्हा एरवी त्या बाजूचं वृषण वर उचललं जातं. पीळ असला की ही हालचाल सहसा दिसत नाही. ही खूण ‘आहे’ म्हणून पीळ नाहीच, असं मात्र मी कधीच धरत नाही, आणि तान्ह्या बाळात ती तशीही भरवशाची नसते. वृषण उचलून धरल्यावर बरं वाटलं तर एपिडिडिमायटिस, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. लहान मुलांत त्यावर निर्णय घेऊ नये.

या सगळ्यात एक अडचण मुलांच्या लाजेची आहे. १३-१४ वर्षांचा मुलगा आईला ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. आई ओवा देते, गॅसची गोळी देते, सकाळपर्यंत वाट पाहते. कधी कधी दुखणं खरोखरच बेंबीच्या खाली आणि जांघेत जाणवतं, म्हणजे मूल खोटंही बोलत नसतं. म्हणून माझी विनंती अशी: मुलगा पोटदुखीने कळवळत असेल तर ‘खाली कुठे दुखतंय का’ हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि एकदा चड्डी काढून बघा. डॉक्टरांनी तपासताना तेवढा भाग सोडला तर ‘तेही बघता का’ असं निःसंकोच म्हणा. आणि हे सगळं घडण्याच्या आधीच मुलाला सांगून ठेवा की तिथे दुखलं तर मध्यरात्रीसुद्धा उठवायचं, कोणी रागावणार नाही.

अशी वेळ आली तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. जिथे रात्री भूल देणारे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय असते अशाच रुग्णालयात थेट जा. निघतानाच फोन करून विचारलेलं बरं, कारण छोट्या नर्सिंग होममधून ‘पुढे न्या’ असं सांगितलं गेलं तर तेवढा वेळ हातातून जातो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेचं आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. मुंबईच्या बाजूला सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं वाडिया आहे. गायमुखच्या बाजूने येणाऱ्यांनी घोडबंदरच्या रहदारीचा वेळ हिशेबात धरावाच. सरकारी रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. वाटेत मुलाला खाऊ-पिऊ घालू नका, भूल द्यावी लागू शकते. खाणं नेमकं किती वाजता झालं ते मात्र लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

तपासणीत पिळाची दाट शंका असेल तर शल्यचिकित्सक सोनोग्राफीसाठीही थांबत नाहीत, थेट शस्त्रक्रिया करतात. त्याला ‘घाई’ समजू नका. पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर पक्कं करतात आणि त्याच वेळी दुसरी बाजूही पक्की करतात, कारण जन्मजात सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो. उघडल्यावर पीळ सापडला नाही तरी मुलाचं फारसं काही बिघडत नाही. उलटं झालं, म्हणजे पीळ होता आणि आपण थांबलो, तर जे गमावतो ते परत येत नाही.

डॉपलर सोनोग्राफी चांगली तपासणी आहे, तुमच्या डॉक्टरांनी ती लगेच करून घेतली हे उत्तम केलं. तिच्या मर्यादाही सांगतो. लहान मुलाच्या वृषणातला रक्तप्रवाह मुळातच कमी असतो, यंत्राला तो टिपणं अवघड जातं. पीळ अर्धवट असेल तर प्रवाह दिसू शकतो. पीळ बसून आपोआप सुटला असेल, तर त्यानंतर रक्तप्रवाह उलट वाढलेला दिसतो आणि चित्र हुबेहूब दाहासारखं भासतं. म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्ट फक्त वृषणावर थांबत नाहीत, वरची नाळ जांघेपर्यंत तपासतात आणि तिला कुठे गुंडाळी पडली आहे का ते पाहतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत चौथ्या दिवशी दुखणं उतरतंय, म्हणजे गाडी योग्य रस्त्यावर आहे. पण आजपासून पुढे कधीही पुन्हा अचानक तीव्र कळ आली, तर शनिवारच्या रिपोर्टवर विसंबू नका. नव्याने, त्याच तासाला दाखवा.

आता तुमच्या मुलाला बहुधा काय झालंय, त्याकडे येतो.

एपिडिडिमिस म्हणजे वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेली, गुंडाळ्या झालेली बारीक नळी. मोठ्या वयात शुक्राणू तिच्यात परिपक्व होतात. ९ वर्षांच्या मुलात तिचं फारसं काम सुरू झालेलं नसतं. वृषणाच्या वरच्या टोकाला, एपिडिडिमिसच्या अगदी शेजारी, काही मिलिमीटरचा एक निरुपयोगी मांसल कण असतो. गर्भावस्थेतल्या जडणघडणीचा तो उरलेला अवशेष, बहुतेक सगळ्या मुलांत असतो. या कणालाही पीळ बसतो आणि ते या वयातल्या अशा दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. तो कण मरतो, त्याच्या शेजारचा एपिडिडिमिस चिडून सुजतो, भोवती पाणी जमतं, त्वचा लाल होते. सोनोग्राफी करणाऱ्याला सुजलेला, रक्त वाढलेला एपिडिडिमिस दिसतो आणि कागदावर ‘एपिडिडिमायटिस’ उमटतं. रिपोर्ट चुकीचा नसतो. त्यात दाहाचं कारण नसतं, इतकंच.

हे ओळखायचं कसं? पहिल्या दिवशी, सूज पसरायच्या आधी, दुखणं वृषणाच्या वरच्या टोकाशी बोटाच्या अग्राएवढ्या जागेत असतं. बाकीच्या वृषणाला हात लावू देतो, तेवढी जागा दाबली की ओरडतो. त्वचेखाली निळसर ठिपका दिसतो, असं पुस्तकात ठळकपणे दिलेलं असतं. आपल्या मुलांच्या सावळ्या त्वचेतून तो कित्येकदा दिसतच नाही, म्हणून ‘ठिपका नाही, म्हणजे हे नाही’ असं म्हणू नये. उलटी क्वचित होते, दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू चढतं, मूल जरा फेंगडं का होईना पण चालत असतं. तुम्ही लिहिलेलं सगळं याच्याशी जुळतं. उपचार काय, तर वेदनाशामक आणि आराम. साधारण आठवडाभरात दुखणं जातं, सूज उतरायला आणखी काही दिवस. शस्त्रक्रिया लागते ती दुखणं हाताबाहेर गेलं किंवा खऱ्या पिळाची शंका दूर होत नसली तरच.

कण पिळलेला नसूनही एपिडिडिमिस सुजू शकतो. सर्दी-खोकल्याचा किंवा तापाचा विषाणू येऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी असा दाह येतो, म्हणून मी नेहमी विचारतो की गेल्या महिन्यात आजारी होता का. दुसरी शक्यता लघवीशी निगडित आहे. मूत्राशय तुडुंब भरलेलं असताना मूल धावलं, जोर केला किंवा लघवी दाबून धरली, तर आतला दाब वाढतो आणि थोडी लघवी उलट्या दिशेने शुक्रवाहिनीतून एपिडिडिमिसपर्यंत जाऊ शकते. त्या लघवीत जंतू नसले तरी तिच्या क्षारांनीच दाह होतो. जिथे तिथे हेच कारण लावता येणार नाही. पण इथल्या मुलांचा दिनक्रम पाहिला की हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. सकाळी साडेसहाला स्कूलबस, शाळेतलं स्वच्छतागृह घाण वाटतं म्हणून जायचं नाही, जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, परतीला पुन्हा तासभर बस. त्यात दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला नाही. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि लघवी नीट रिकामी होऊ देत नाही. मुलाला विचारा, शाळेत तो लघवीला जातो का. उत्तर ‘नाही’ असेल तर वर्गशिक्षिकेशी बोला. दर दोन-तीन तासांनी लघवी, दिवसभर थोडं थोडं पाणी, जेवणात भाजी-फळं, आणि रोज सकाळी किंवा रात्री जेवणानंतर घाई न करता शौचाला बसवणं. ही सवय कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता लघवीच्या तपासणीकडे. तुमच्या सगळ्या मजकुरात ती झाल्याचं कुठेच दिसलं नाही, आणि अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे तीच ठरवते. औषधाचा पहिला डोस जाण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवायला हवं. साधा रिपोर्ट काही तासांत येतो, कल्चरला साधारण दोन दिवस लागतात. ९ वर्षांच्या मुलाचा नमुना घेणं सोपं आहे: शिश्नाचं टोक पाण्याने धुवायचं, सुरुवातीची लघवी सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि डबी लगेच प्रयोगशाळेत द्यायची, घरी ठेवून दुपारी नाही. तान्ह्या बाळाला चिकटपिशवी लावून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. तो नमुना निर्दोष आला तर प्रश्न मिटला, पण त्यात जंतू निघाले तर ते खरे की वरवरचे हे कळत नाही. बाळांत शंका गंभीर असेल तर नळीने नमुना घ्यावा लागतो. ऐकायला कठोर वाटतं, पण नंतरच्या अनेक अनावश्यक तपासण्या त्याने वाचतात.

लघवी निर्दोष, ताप नाही, मूल एरवी ठणठणीत, मूत्रमार्गाचा जुना आजार नाही, तर अँटिबायोटिकची गरज नसते. दाह जंतूंमुळे नसेल तर अँटिबायोटिकने तो लवकर बरा होत नाही. जुलाब होतात, अंगावर पुरळ येऊ शकतं, आणि पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे खरंच मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर तेच औषध लागू पडत नाही. तोंडाने घ्यायच्या साध्या औषधांना न जुमानणारे ई. कोलाय नावाचे जंतू आपल्याकडे लहान मुलांच्या कल्चरमध्येही नेहमी दिसतात, म्हणून हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

मग तुम्ही आज काय करायचं? औषध तीन दिवस पोटात गेलंय, त्यामुळे आता पाठवलेलं कल्चर कोरं आलं तरी त्यावर पूर्ण विसंबता येणार नाही. साधी तपासणी तरी करून घ्या आणि ती घेऊन तुमच्याच डॉक्टरांकडे जा. त्यांना थेट विचारा: ‘लघवीत काही नाही, ताप नव्हता, तर हे औषध थांबवता येईल का?’ ‘कोर्स अर्धवट सोडू नये’ हा नियम जंतुसंसर्ग असेल तेव्हाचा. संसर्गच नसेल तर पूर्ण करण्यासारखं काही उरत नाही. पण निर्णय मुलाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचा असावा, माझा इथे बसून नव्हे.

लघवीत जंतू निघाले, तर चित्र बदलतं. मग अँटिबायोटिक हवंच, कल्चरनुसार निवडलेलं, पूर्ण मुदतीचं. आणि सोबत मूत्रपिंड व मूत्राशयाची सोनोग्राफीही हवी, कारण जंतू असलेली लघवी एपिडिडिमिसपर्यंत पोहोचली कशी याचं उत्तर शोधायचं असतं.

हीच शंका मी एक-दीड वर्षाच्या आतल्या बाळात सुरुवातीपासून धरतो. तान्ह्याला एपिडिडिमायटिस झाला तर मूत्रमार्गाची रचना तपासल्याशिवाय सोडत नाही. काही बाळांत मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी मूत्रनलिका चुकीच्या जागी, कधी थेट शुक्रवाहिनीच्या मार्गात उघडत असते. काहींच्या मूत्रमार्गात जन्मजात पडदे असतात, त्यांनी लघवी अडते. अशा बाळाची धार बारीक, थेंब थेंब पडणारी असते आणि आईच्या ते लक्षात आलेलं असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं. जन्मतः गुदद्वार तयार न झाल्याने शस्त्रक्रिया झालेली मुलं, मणक्याच्या दोषामुळे मूत्राशय नीट न चालणारी मुलं आणि नळीने लघवी काढावी लागणारी मुलं यांच्यातही हा आजार वारंवार डोकावतो. अशा वेळी एमसीयू नावाची तपासणी लागू शकते. त्यात मूत्राशयात नळीने औषध भरून मूल लघवी करत असताना एक्स-रे काढतात. संसर्ग आटोक्यात आल्यावरच ती करायची. तुमच्या मुलाला हे सगळं एकाच प्रसंगानंतर करायची गरज नाही. पुन्हा एकदा असंच झालं, किंवा लघवीत जंतू सापडले, तर मात्र मूत्रपिंड-मूत्राशयाची सोनोग्राफी, लघवी केल्यानंतर आत किती उरते ते मोजणं आणि बद्धकोष्ठतेचा नीट उपचार, एवढं नक्की.

वयात आलेल्या मुलांबद्दल थोडं, कारण त्यांचे आई-वडील हे वाचत असतील. १४-१५ वर्षांच्या मुलाला एपिडिडिमायटिस असेल तर डॉक्टर काही वेळ आई-वडिलांना बाहेर थांबायला सांगून त्याच्याशी एकट्याने बोलतील. ते करू द्या. लैंगिक संबंधातून होणारे क्लॅमिडिया, गोनोरिया यांची तपासणी आणि औषधं वेगळी असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि ते सांगत नाहीत. मूल १८ वर्षांखालचं असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरांनी अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलाला दोष न देता त्याचं ऐकून घेणं, ही त्या क्षणी पालकांची सगळ्यात मोठी मदत.

गालगुंडाने वृषणाला सूज येते ती बहुधा वयात आल्यानंतर, गाल सुजल्यावर काही दिवसांनी. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) तीन डोस आहेत. तुमच्या मुलाचं कार्ड काढून बघा, तिसरा राहिला असेल तर घेऊन टाका. पायांवर, ढुंगणावर जांभळट पुरळ, सांधेदुखी आणि पोटदुखी यांच्यासोबत अंडकोष सुजला तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो, त्यात मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. जांघेत टणक गाठ, ती आत जात नाही आणि उलट्या होत असतील तर हर्निया अडकलाय, तीही तातडीचीच वेळ. आणि आठवडे उलटले, दुखत फारसं नाही, पण एपिडिडिमिस टणक, गाठाळ राहिलाय, वजन उतरतंय किंवा घरात कोणाला टीबी होता, तर क्षयाची तपासणी करायला हवी.

घरच्या काळजीत आयबुप्रोफेन सर्वांत उपयोगी, कारण ते वेदनेसोबत दाहही कमी करतं. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम एका वेळी, आठ तासांच्या अंतराने, खाल्ल्यावर. दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. बाटलीवरचं लेबल नीट वाचा: आपल्याकडे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामोल एकत्र असलेली सिरप खूप चालतात. ते देऊन वरून पॅरासिटामोल वेगळं दिलं की डोस दुप्पट होतो. आणखी एक, खास आपल्या पावसाळ्यासाठी. मुलाला तापही असेल आणि आजूबाजूला डेंग्यूचे रुग्ण असतील, तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन टाळा, नुसतं पॅरासिटामोल द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही.

घट्टसर, आधार देणारी चड्डी घाला, सैल बॉक्सर नको. झोपलेला असताना टॉवेलची घडी करून अंडकोषाखाली ठेवली की ठणका कमी होतो. बर्फ थेट लावू नका, रुमालात गुंडाळून १०-१५ मिनिटं. गरम शेक, तेलाने चोळणं, हळदीचा किंवा कसलाही लेप, यातलं काहीही नको. चोळण्याने दाह वाढतो आणि लेपाखाली त्वचेचा रंग दिसत नाही. पूर्ण अंथरुणाला खिळवायची गरज नाही, न दुखता जेवढं चालता येतं तेवढं चालू द्या. शाळेत दोन-तीन दिवसांनी जाऊ दे, जड दप्तर सध्या दुसऱ्या कोणी उचलावं. फुटबॉल, सायकल आणि पोहणं मात्र दुखणं आणि सूज पूर्ण गेल्यावर, म्हणजे अंदाजे दोन आठवड्यांनी. शाळेसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि तिच्यात आजाराचं नाव न घालता ‘खेळापासून विश्रांती’ एवढंच लिहून मागा. वर्गात चेष्टा होऊ नये ही त्याची काळजी तुमच्याइतकीच खरी आहे.

परत दाखवायचं ते असं. येत्या दोन दिवसांत दुखणं उतरत गेलं नाही, ताप आला, लाली पसरली किंवा उलटी सुरू झाली तर त्याच दिवशी. सगळं ठीक चाललं तर दोन आठवड्यांनी एकदा, हाताने तपासून घेण्यासाठी. एपिडिडिमिसचा किंचित जाडपणा काही आठवडे राहतो, त्याने घाबरू नका. पण दीड महिन्यानंतरही वृषणात स्वतःतच कडकपणा किंवा गाठ जाणवली तर सोनोग्राफी पुन्हा करायची, कारण मुलांमध्ये क्वचित का होईना, वृषणाची गाठ दाहाच्या आड लपलेली असते. त्या भेटीला लघवीचा रिपोर्ट, शनिवारची सोनोग्राफी आणि लसीकरणाचं कार्ड, तिन्ही सोबत न्या.